पारड्यातले बाळ

अक्कलकोट तालुक्यातले मैंदर्गी हे सीमेवरचे गाव. नगरपरिषद महाराष्ट्राची, दप्तर मराठीत. पण घरात, बाजारात आणि बाळाला झोपवताना कानावर पडते ती बहुधा कन्नड. वजनाच्या दिवशी अंगणवाडीत लेकरू घेऊन येणाऱ्या आईच्या तोंडी 'तूक' हा शब्द असतो. सेविकेच्या वहीत त्याचे 'वजन' होते. यातला 'वजन' हा अरबीतून आपल्याकडे आलेला. 'तूक' मात्र मराठीला परका नव्हता. 'तुकणे' म्हणजे तोलणे, हे क्रियापद ज्ञानेश्वरीच्या मराठीत आहे. आपण जो शब्द विसरलो तो सीमेवरच्या आईने सांभाळून ठेवला आहे.

आईची भाषा एक आणि वहीची दुसरी असली तरी काम अडत नाही, कारण मधे एक तक्ता असतो. आडव्या रेषेवर वयाचे महिने, उभ्या रेषेवर किलो, आणि हिरवा, पिवळा, नारिंगी असे तीन पट्टे. सेविका एक ठिपका देते, मागच्या महिन्याच्या ठिपक्याला जोडते. रेघ वर गेली की नाही, हे पाहायला लिपी यावी लागत नाही. ही साधी दिसणारी रेघ गावोगावच्या अंगणवाडीत पोचायला दोनशेहून अधिक वर्षे लागली. त्या प्रवासात बाळाचे वजन कधी देवासाठी घेतले गेले, कधी विज्ञानासाठी, कधी बक्षिसासाठी आणि कधी सरकारसाठी. ते आईसाठी घ्यायचे असते, ही कल्पना सर्वांत उशिरा आली. ती टिकली की नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आकड्याविना वजन

बाळाला पारड्यात बसवणे आपल्याला नवे नाही. नवस बोलून झालेले मूल देवापुढे तराजूत घालायचे आणि दुसऱ्या पारड्यात गूळ, साखर, खोबरे किंवा पेढे ठेवायचे, ही चाल महाराष्ट्रभर आहे. मोठ्यांच्या तुलेची उदाहरणे इतिहासात नोंदलेली आहेत. जिजाबाईंची सुवर्णतुला १६६५च्या सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाबळेश्वरी झाली. १६७४मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची तुला झाली. तिला सुमारे सोळा हजार होन लागल्याचे तेव्हाच्या इंग्रजांच्या कागदांत आहे.

मुलांच्या नियमित तुलेचा सर्वांत ठळक दाखला अकबराच्या दरबारातला. अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त लिहिले आहे, की राजपुत्रांची तुला दुसऱ्या वर्षापासून दर वाढदिवसाला होई. पहिल्या वेळी एकाच वस्तूशी, मग दरवर्षी एकेक वस्तू वाढवत सात-आठांपर्यंत. बाराच्या पुढे मात्र नाही. ठरलेल्या वयाला, दरवर्षी न चुकता मुलाला तोलण्याची ही रीत आजच्या वाढ-नोंदीच्या किती जवळची वाटते! पण मुलगा गेल्या वर्षीपेक्षा किती वाढला, हा प्रश्न त्या तराजूला कोणी विचारत नव्हते. तोललेला माल दान व्हायचा आणि वजन त्या दानात विरून जायचे.

तुलेत आकडा लागतच नाही. पारडी समान झाली की काम झाले. बाळ किती शेर भरले, हे उच्चारावे लागत नाही आणि घरच्यांनाही तेच हवे असते. कारण आपल्याकडे बाळाच्या वाढीबद्दल उघड बोलणे म्हणजे नजरेला आमंत्रण. गालाला तीट लावायची, 'किती जड झालाय' असे कोणी म्हटले की विषय बदलायचा, हे आजही घरोघर चालते. पुढे काटा घेऊन दारात आलेल्या आरोग्यसेविकांना जो विरोध झाला त्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्या घरात आधीची एक-दोन मुले गेलेली असत, त्या घराने उरलेल्याचा आकडा मोठ्याने सांगू नये असे वाटणे, यात दुःखाचा हिशेब होता.

वाढीकडे आईचे लक्ष मात्र पुरेपूर असे. त्यासाठी तिच्याजवळ दुसरी मापे होती. कमरेचा करदोटा घट्ट झाला की गाठ सोडून सैल करायचा. अंगडे आखूड झाले, बाळ पालथे पडले, रांगायला लागले, दात आले, उष्टावण झाले, या सगळ्या खुणाच होत्या. सुश्रुताने अन्न सुरू करायला सहावा महिना सांगितला आहे. काश्यपसंहितेने सहाव्यात फळ आणि दहाव्यात अन्न असा क्रम लावला आहे. वयाशी वाढीची सांगड घालण्याची दृष्टी त्यात स्पष्ट आहे. तिच्यात नव्हते ते दोन आकडे : नेमके वय आणि नेमके वजन.

त्यातही वय अधिक अवघड होते. 'पोळ्याच्या आदल्या दिवशीचा', 'गौरी-गणपतीतली' असे सांगितले की महिना कळतो, वर्ष कळत नाही. वर्षासाठी मोठ्या आपत्ती कामी येतात. सोलापूर भागात 'दुष्काळातला' म्हटले की १९७२ आणि 'भूकंपातली' म्हटले की ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीची पहाट. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९चा. आठ किलोचे मूल नऊ महिन्यांचे असेल तर छान आणि दोन वर्षांचे असेल तर काळजीचे. म्हणून वय कळल्याशिवाय वजनाला अर्थ नाही.

सरासरी आणि स्पर्धा

एका मुलाची वाढ वर्षानुवर्षे मोजून ठेवण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग फ्रान्समधला. फिलिबेर गेनो द माँबेयार या उमरावाने १७५९मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची सुमारे दर सहा महिन्यांनी, तो अठरा वर्षांचा होईपर्यंत मोजली. त्याचा मित्र, निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने ते आकडे १७७७मध्ये छापले. एका बापाच्या हौसेतून आलेले हे कोष्टक आजही वाढीच्या पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीला भेटते. त्याचा आलेख मात्र दीडशे वर्षांनी, १९२७मध्ये स्कॅमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने आकडे मेट्रिकमध्ये आणल्यावर मांडला गेला. आकडे होते, पण त्यांची रेघ काढावी हे सुचायला इतका काळ गेला.

त्यानंतर आला तो सरासरीचा काळ. बेल्जियमचा गणिती अडॉल्फ केतले याने १८३५च्या ग्रंथात वयानुसार उंची आणि वजनाची कोष्टके मांडली. त्याला एका मुलात रस नव्हता. 'सरासरी माणूस' कसा असतो ते त्याला हवे होते. मूल स्वतःच्या कालच्या वजनाऐवजी अनोळखी मुलांच्या सरासरीशी ताडून पाहायची सवय इथून लागली. १८९२मध्ये पॅरिसमध्ये पिएर ब्यूदँ या डॉक्टराने तान्ह्या बाळांसाठी सल्लाकेंद्र सुरू केले. तिथे आया बाळांना घेऊन नियमाने येत, वजन होई आणि त्यावरून दूध पाजण्याविषयी सांगितले जाई. वजनानंतर आईशी बोलणे, हा धागा तिथे दिसतो. दुर्दैवाने पुढे तोच वारंवार तुटला.

हिंदुस्थानात काटा पोचला तो प्रदर्शनाच्या मांडवातून. १९२०मध्ये दिल्लीत माता-बालकल्याणाचे मोठे प्रदर्शन भरले. १९२४पासून लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशभर 'बेबी वीक' साजरा होऊ लागला. मुंबई इलाख्यातही मांडव उभे राहिले, व्याख्याने झाली आणि मुलांच्या स्पर्धा लागल्या. 'सुदृढ बालक स्पर्धा' हा आपल्या ओळखीचा प्रकार त्याच वळणाचा. नंबर येई तो गुटगुटीत बाळाचा. जे बाळ हडकुळे, ज्याला खरी गरज, ते मांडवापर्यंत आणलेच जात नसे. घरात नजरेच्या भीतीने झाकलेले वजन इथे मिरवायला निघाले, पण तेही निवडक मुलांचे.

या गुटगुटीतपणाला बाजाराने उचलून धरले. भुकटीच्या दुधाचे डबे आणि त्यांवरची गोबऱ्या गालांची चित्रे इतकी रुजली, की 'ग्लॅक्सो बेबी' हा शब्दप्रयोग आपल्या शहरी बोलण्यात कायमचा आला. अंगावरचे दूध पुरेसे असताना डब्याकडे वळणारी आई त्या चित्राशी आपले बाळ ताडून पाहत होती. ते चित्र डब्यावरून उतरवायला १९९२चा कायदा यावा लागला. बाळाच्या दुधाच्या डब्यावर बाळाचे चित्र छापायला त्याने बंदी घातली.

कार्ड घरी राहते

वजन आईच्या हाती सोपवण्याचे श्रेय बहुतांशी एका इंग्रज बालरोगतज्ज्ञाला जाते. डेव्हिड मॉर्ली १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात नायजेरियातल्या इमेसी-इले या खेड्यात काम करत होते. मुले आजारी होऊन दवाखान्यात येत तेव्हा उशीर झालेला असे, हे त्यांनी पाहिले. मूल कुपोषित 'दिसण्या'च्या कितीतरी आधी त्याचे वजन वाढणे थांबते. ते थांबणे जर घरात दिसले तर वेळ हाती राहते. म्हणून त्यांनी 'आरोग्याचा रस्ता' नावाचा तक्ता केला. दोन वक्र रेषा म्हणजे रस्त्याच्या दोन कडा आणि मुलाची रेघ त्यांच्यामधून चाललेली. रस्त्यावर मूल कुठे आहे, यापेक्षा ते कोणत्या दिशेने चालले आहे, हे महत्त्वाचे. तक्ता दवाखान्याच्या कपाटात ठेवायचा नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईकडे द्यायचा. कार्डे हरवतील, असा आक्षेप होता. मॉर्लींचा अनुभव असा, की आया ती दवाखान्याहून जपून ठेवत.

महाराष्ट्रात हा विचार जिथे रुजला ते जामखेड सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर सीमेपासून फार दूर नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायका, पुष्कळदा दलित आणि अक्षरओळख नसलेल्या, आरोग्यसेविका झाल्या. मुलांची वजने घेण्याच्या कामात गावच्या शेतकरी मंडळांनीही हात दिला. हे घडले ते १९७२च्या दुष्काळाच्या छायेत. मिलो आणि सुकडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडी कायमचे बसले तो हा काळ. झाडाच्या फांदीला किंवा आढ्याला तबकडीचा काटा टांगायचा आणि झोळीत बाळ बसवायचे. झोळी घरचीच, फक्त पाळण्याच्या दोरीऐवजी काट्याच्या आकड्याला लावलेली. गावातल्याच बाईने, सगळ्यांसमोर, सगळ्यांच्याच मुलांचे वजन केले की नजरेची भीतीही सैल पडते. दोन वर्षांच्या मुलाचे वजन पाच महिने हलले नाही, हे डॉक्टराने सांगण्यापेक्षा शेजारणीने दाखवण्यात वेगळी ताकद असते. आरोळे दाम्पत्याला १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा या कामाकडे जगाचे लक्ष गेले.

वय माहीत नाही, काटा नाही, तेव्हा काय करायचे? एक ते पाच वर्षांच्या दरम्यान मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही. त्यावरून रंगीत पट्टीने दंड मोजायची पद्धत निघाली आणि तिचे आपल्याकडचे रूप म्हणजे बांगडी. आतून चार सेंटिमीटर व्यासाची बांगडी मुलाच्या कोपरावरून दंडावर सहज सरकली तर मूल धोक्यात आहे. गणित सोपे आहे : चार सेंटिमीटर व्यास म्हणजे साडेबारा सेंटिमीटर घेर आणि कुपोषणाची दंडघेराची आजची मर्यादा तीच, साडेबारा, साडेअकराच्या खाली ते तीव्र. आईच्या हातातला दागिना असा माप झाला.

श्रेणींचा खेळ

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पुढे ती देशभर पसरली आणि काटा खेडोपाडी गेला. तीन वर्षांखालच्या मुलांचे दरमहा आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे तीन महिन्यांनी वजन घ्यायचे असे ठरले. १९८२-८३मध्ये युनिसेफने बालकांच्या जीवनरक्षणाच्या ज्या चार साध्या उपायांचा जगभर पुरस्कार केला, त्यांतला पहिला वाढीवर लक्ष ठेवण्याचा होता.

तक्त्यावर प्रमाण कुणाचे, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९७२मध्ये श्रेणी आखल्या. अमेरिकेतल्या हार्वर्ड प्रमाणाच्या ८० टक्क्यांहून जास्त वजन असेल तर मूल सर्वसाधारण. त्याखाली दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी श्रेणी १, २, ३ आणि पन्नास टक्क्यांच्या खाली श्रेणी ४. ही प्रमाणे बॉस्टनच्या मुलांवरून केलेली होती. त्यानंतर जगभर वापरले गेलेले दुसरे अमेरिकी प्रमाणही प्रामुख्याने बाटलीच्या दुधावर वाढलेल्या मुलांचे. अंगावर पिणारे बाळ पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढते, मग थोडे सावकाश. बाटलीवाल्यांच्या तक्त्यावर ही सावकाशी 'घसरण' दिसते. त्यामुळे चौथ्या-पाचव्या महिन्यात अगदी नीट वाढणाऱ्या बाळाच्या आईलाही 'दूध पुरत नाही, वरचे सुरू करा' असा सल्ला मिळे. तक्त्याच्या चुकीचे खापर आईच्या अंगावर फुटत होते.

याच काळात पुण्यात एक वाद पेटला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११मध्ये जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते, निवृत्तीनंतर पुण्यात राहिले. त्यांचे म्हणणे असे, की एकाच माणसाची उष्मांकाची गरज काळानुसार बदलते आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेते; म्हणून सरासरी गरजेच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी धरू नये. १९८२मध्ये त्यांनी संपादित केलेला ग्रंथ पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सने काढला. त्यातच डेव्हिड सेकलर या अर्थशास्त्रज्ञाचा 'लहान पण निरोगी' हा सिद्धान्त मांडणारा लेख आहे. शरीर लहान राहिले म्हणून ते आजारी असतेच असे नाही, असे तो सांगतो. पोषणशास्त्राचे ज्येष्ठ अभ्यासक डॉ. सी. गोपालन यांनी याला कडवा विरोध केला. लहान राहणे ही शरीराने टंचाईत टिकून राहण्यासाठी मोजलेली किंमत आहे आणि किंमत मोजलेल्याला निरोगी म्हणणे म्हणजे टंचाईलाच मान्यता देणे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. वाद विद्वानांचा असला तरी त्यातून एक व्यावहारिक गोष्ट ठरत होती : तक्त्यावरची सीमारेषा कुठे ओढायची आणि किती मुले सरकारची जबाबदारी मानायची.

जागतिक आरोग्य संघटनेने याचे उत्तर शोधायला १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत पाहणी केली : ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुले दक्षिण दिल्लीतली. आईचे दूध मिळालेली, घरी खाण्यापिण्याची ददात नसलेली, आई धूम्रपान न करणारी, अशी सुमारे साडेआठ हजार मुले निवडली. निष्कर्ष चकित करणारा होता. लांबीतल्या एकूण फरकांपैकी देशादेशांतला फरक जेमतेम तीन टक्के. बाकीचा बहुतांश एकाच देशातल्या मुलामुलांमधला. चांगले वाढू दिले तर दिल्लीचे आणि ऑस्लोचे मूल पहिली पाच वर्षे जवळपास सारखेच वाढते. २००६मध्ये ही प्रमाणे प्रसिद्ध झाली, २००८मध्ये भारताने स्वीकारली आणि मुलगा-मुलगी यांचे तक्ते वेगळे झाले.

या प्रमाणांनुसार मुलाचे मध्यम वजन जन्मतः ३.३ किलो, सहा महिन्यांना ७.९, वर्षाला ९.६, मुलीचे ३.२, ७.३ आणि ८.९. नव्या तक्त्याने काय बदलले ते एका उदाहरणाने पाहू. वर्षाच्या मुलाचे वजन साडेसहा किलो आहे. जुन्या तक्त्यात वर्षाचे प्रमाण सुमारे दहा किलो; म्हणजे हा ६५ टक्क्यांवर, श्रेणी २, मध्यम. तीव्र कुपोषितांना मिळणारा दुप्पट आहार त्याला नाही. नव्या तक्त्यात मुलाची तीव्रतेची सीमा ६.९ किलो, तोच मुलगा आता नारिंगी पट्ट्यात. उलट ७.६ किलोची वर्षाची मुलगी जुन्या हिशेबाने श्रेणी १मध्ये होती. नव्यात ती हिरव्यात आली, कारण तिची सीमा ७ किलो. त्या दोघांच्या अंगावर एक ग्रॅमही वाढला-घटला नव्हता.

ज्या आकड्यावर हक्क अवलंबून असतो, त्याच आकड्यावर जेव्हा वरिष्ठांची नाराजीही अवलंबून असते, तेव्हा तो आकडा दबावाखाली येतो. सेविकेने वहीत तीव्र कुपोषित मुले जास्त दाखवली तर प्रश्न तिलाच विचारले जातात. शासकीय मासिक अहवालांतले कुपोषण आणि स्वतंत्र पाहण्यांतले कुपोषण यांच्यातली दरी अभ्यासकांनी वारंवार दाखवली आहे. महाराष्ट्राने २००५मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले आणि कुपोषण लपवण्यापेक्षा दाखवण्याला प्रोत्साहन द्यायचा प्रयत्न केला. दोन वर्षांखालच्या मुलांतल्या खुजेपणाचे प्रमाण २००५-०६मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२च्या स्वतंत्र पाहणीत २३ टक्क्यांवर आले. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले खुजी आणि ३६ टक्के मुले कमी वजनाची निघाली. आधीच्या, २०१५-१६च्या पाहणीपेक्षा त्यात सुधारणा नव्हती.

वहीची किंमत

वजन सगळे सांगत नाही, हेही पुण्याजवळच्या खेड्यांनी जगाला शिकवले. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भारपणापासून मुलांचा मागोवा घेतला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे साडेतीन. बाळ लहान, स्नायू कमी, पोट बारीक. पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. 'दिसायला रोड, आतून लठ्ठ' असे हे बाळ पुढे मधुमेहाकडे झुकते. म्हणजे हडकुळ्याला नुसते गुटगुटीत करणे हाही उपाय नव्हे. ज्या आयांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त होते त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली निघाली. बाळाच्या तक्त्याचा पहिला ठिपका आईच्या ताटात पडतो.

या अभ्यासात याज्ञिकांचे सहकारी होते डेव्हिड बार्कर, आणि त्यांची कथा आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात १९११पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेने एक शिस्त घातली. सुइणीने जन्मवजन लिहायचे. सेविकांनी घरोघर जाऊन वर्षभर बाळावर लक्ष ठेवायचे. पहिल्या वाढदिवसाला पुन्हा वजन. बाळ अंगावर पिते की बाटलीने, तेही नोंदवायचे. हे सगळे त्या बाळांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी होते. वह्या मात्र कोणी रद्दीत घातल्या नाहीत. काही दशकांनी बार्कर यांना त्या सापडल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले ते त्यांनी शोधले. पहिल्या वाढदिवसाला ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले. १९८९मध्ये हे छापून आले आणि मोठेपणाच्या रोगांची मुळे बाळपणात शोधण्याची नवी शाखा उभी राहिली. सायकलवर फिरणाऱ्या सेविकांनी आकडे खरे लिहिले होते, म्हणून हे शक्य झाले. त्यांना वजन जास्त दाखवण्याचे कारण नव्हते.

आता मैंदर्गीकडे परत येऊ. १ मार्च २०२१पासून 'पोषण ट्रॅकर' हे मोबाइल अॅप देशभर लागू झाले. सेविका वजन आणि उंची भरते, रंग फोन ठरवतो आणि आकडा त्याच दिवशी दिल्लीला पोचतो. चुका शोधायला, स्थलांतरित ऊसतोड कुटुंबाचे मूल दुसऱ्या गावात ओळखायला याचा मोठा उपयोग होऊ शकतो. पण रेघ आता सेविकेच्या हातातल्या पडद्यावर आहे आणि आई समोर बसलेली आहे. फोन तिच्याकडे वळवून, तिच्या कन्नडमध्ये, 'गेल्या महिन्यापासून वाढले नाही, ताप आला होता का, काय भरवता' असे कोणी विचारले, तर ते मॉर्लींचे आणि आरोळ्यांचे काम पुढे चालू राहिले. विचारले नाही, तर बाळ तुलेतल्या राजपुत्रासारखेच तोलले गेले : नियमाने, वयानुसार आणि स्वतःच्या काही उपयोगाविना.

राज्यभरच्या अंगणवाड्यांत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत लिहिल्या गेलेल्या वजनाच्या वह्या हा आपल्या समाजाचा अस्सल दस्तऐवज आहे. राजांच्या तुलेचे होन आपण मोजून ठेवले आहेत. दुष्काळानंतरच्या पिढीची बाळे किती किलोंची होती, हे सांगणाऱ्या वह्यांना मात्र इतिहासाचा कागद म्हणून कोणी पाहत नाही. ज्या वह्या अजून शिल्लक असतील त्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात नेऊन ठेवाव्यात. त्यांत नोंदलेली मुले आज पन्नाशीकडे आलेली आहेत आणि त्यांचे रक्तदाब, त्यांची साखर आपण रोज मोजतो आहोत. कार्ड आईकडे राहावे आणि वही इतिहासाकडे. बाळाच्या वजनावर या दोघांचाच खरा हक्क आहे.